नळीतली नीळ

४ फेब्रुवारी

भिंगरे,

हे पत्र मी स्वतः लिहितेय, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. ओळी चढावर निघाल्यात तिकडे बघू नकोस. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई, जिनं मला म्हातारपणी अक्षरं शिकवली, ती म्हणते, "आजी, ओळ सरळ धरा." मी म्हटलं, "बाई, मला ओळ शिवायची नाहीये, लिहायचीय."

कान गेल्यापासून फोन म्हणजे माझ्यासाठी नुसता गरम होणारा डबा. पत्र बरं. पत्र पुन्हा पुन्हा ऐकता येतं.

आता खरी गोष्ट सांगते, आणि तू लगेच रजा टाकून धावत येऊ नकोस. परवा मी आणि धाकटी, तुझी मावशीआजी, चादरीची घडी घालत होतो. तिच्या हातून एक टोक सुटलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं धुलाईत काढलीस आणि टोक धरता येईना?" ती हसली. पण अगं, अर्धंच तोंड हसलं. दुसरं अर्धं जागच्या जागी राहिलं. मला आधी गंमतच वाटली, आणि मग मी जिन्यात जाऊन शिंपीणबाईला हाका मारल्या.

ती आपल्याच इस्पितळात आहे, जिथल्या धुलाईघरात आम्ही दोघींनी एकतीस वर्षं काढली. जीव वाचलाय. उजवा हात उचलवत नाही, गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी घातलीय. माझी बहीण, जी कुणाचं ऐकून घेत नव्हती, ती नाकात नळी घेऊन गप्प पडलीय. मी तिला म्हटलं, "आता मी बहिरी आणि तू मुकी, आपलं छान जमेल." डोळ्यांनी शिवी दिली तिनं. म्हणजे डोकं शाबूत आहे.

तुझ्या कारखान्यातल्या त्या वेटोळ्या नळीचं काय झालं? सुट्टीत आली होतीस तेव्हा मी सांगितलं होतं, वेटोळ्यात आत काय बसलंय ते कुणाला दिसत नाही, सरळ करून टाक. केलीस का?

तुझी आजी

९ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग मावशीआजीच्या डोळ्यांतली शिवी आठवून हसले. रजा मागितलीय, पण महिनाअखेरीशिवाय मिळणार नाही. रोज लिही.

हो, नळी सरळ केली. तू सांगितलंस म्हणून, आणि माझंही तेच मत होतं म्हणून. तुला नीट सांगते, नाहीतर तू शिंपीणबाईंना काहीतरी भलतंच सांगशील.

ज्यांना गिळता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही घट्ट, दुधासारखं अन्न करतो. ते तापवल्यावर टाकीत ठेवत नाहीत. एका लांब नळीतून वाहता वाहताच ते गरम राहतं. कमीत कमी तीस सेकंद. एक थेंबसुद्धा तिसाच्या आधी बाहेर पडता कामा नये, कारण त्या थेंबातले जंतू जिवंत राहू शकतात. मग डबा बंद होतो, आणि बंद डब्यात त्यांना वाढायला निवांत जागा मिळते.

जुनी नळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती. आतून बघता येत नव्हती. मी तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच रुंदीची सरळ नळी भिंतीच्या कडेनं टाकली. मग चाचणी घेतली. एका टोकाला मिठाचं पाणी सोडायचं, दुसऱ्या टोकाला खारटपणा ओळखणारं यंत्र, हातात घड्याळ. पहिला खारट थेंब चाळिसाव्या सेकंदाला आला. साहेबांनी नळीपुढे उभं करून माझा फोटो काढला आणि मी कागदावर सही केली. दोन फेब्रुवारीपासून सगळा माल माझ्या नळीतून जातोय.

फक्त आमचे मिस्त्री नाराज आहेत. वीस वर्षं ते वेटोळं सांभाळत होते. म्हणाले, "बाई, पाणी शहाणं असतं. आपला माल शहाणा नाही." मी म्हटलं, "मिस्त्री, लांबी तीच, रुंदी तीच, पंप तोच. वेळ कुठे पळून जाणार?" ते पान्हा पुसत बसले.

तुझी भिंगरी

१३ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र धाकटीला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा मोठा आवाज म्हणजे सगळ्या वॉर्डाला दाखवला असं समज. खिडकीपाशी एक मास्तर आहेत, त्यांनाही नळीच आहे, त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा वाचा म्हणून.

तुझा मिस्त्री मला आवडला. त्याच्या बोलण्यावरून आमच्या मुकादमीणबाई आठवल्या. धुलाईघरात माळ्यावर खळीचं मोठं पातेलं असायचं आणि तिथून रबरी नळीनं खळ खाली हौदात यायची. आधी डॉक्टरांचे कोट, त्यांना साधी खळ. मग चादरी, त्यांना निळीची. कोट संपत आले की मुकादमीणबाई वरून नळीच्या तोंडात नीळ ओतायच्या आणि ओरडायच्या, "मोजा गं!" आम्ही साठपर्यंत मोजायचो आणि कोट बाहेर काढायचो. धाकटी तेव्हाही घाई करायची, चाळिसानंतर एकदम पन्नास म्हणायची.

नळी कायम लाकडी पिंपाला गुंडाळलेली असायची, सहा वेढे. एकदा पिंप फुटलं. नळी जमिनीवर सरळ पसरली. तीच नळी हं, वीतभरसुद्धा कापली नव्हती. आम्ही मोजायला लागलो आणि तिसालाच खळीच्या मधोमध सुईसारखी नीळ आली! अकरा कोटांवर निळे पट्टे. मोठ्या डॉक्टरांनी तो कोट आठवडाभर तसाच घातला, आमची जिरवायला. आणि गंमत म्हणजे पुढे दुपारपर्यंत फिकी फिकी नीळ येतच राहिली, संपेचना. नुसतं पाणी सोडलं की असं नाही व्हायचं, पाण्यातली नीळ सगळी एकदम यायची. खोड खळीलाच होती.

मुकादमीणबाई म्हणाल्या, खळ आळशी. कडेची नळीला चिकटून बसते आणि मधली तिला सोडून पुढे धावते. वेढ्यांतून फिरवली की मधलीला बाहेर फेकलं जातं, कडेचीला आत यावं लागतं, असं करत सगळ्या जवळजवळ एकदम पोचतात. दुसऱ्या दिवशी नवं पिंप आणलं त्यांनी.

बघ, कुठून कुठे गेले. सांगायचं राहिलंच! आज नर्सनं धाकटीचा डबा उघडला आणि मी पाहिलं तर पिवळा पट्टा आणि तुझ्या कारखान्याचा शिक्का! भिंगरे, माझी छाती अशी फुगली. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या नातीच्या हातचं. एवढीशी होतीस तेव्हा धाकटीनं तुला भरवलं, आता तू तिला भरवतेस. दिवसातून चार डबे.

तुझी आजी

१७ फेब्रुवारी

आजी,

घाईत लिहितेय. डब्याच्या बुडाला एक नंबर छापलेला असतो. मावशीआजीला दिलेल्या डब्यांचे नंबर उतरवून पाठव, जसे दिसतील तसे. नोंदीसाठी हवेत.

तिला ताप नाही ना? पोट ठीक आहे ना? जुने डबे असतील तर तेच द्यायला सांग.

भिंगरी

२० फेब्रुवारी

भिंगरे,

एवढं लहान पत्र तू आयुष्यात लिहिलं नव्हतंस. मी उलटून पाहिलं, पाठीमागे काही आहे का. अक्षर हललेलं आहे. शिंपीणबाई म्हणते, पोरगी प्रेमात पडली असणार. त्या साहेबानं फोटो काढला म्हणालीस, तेव्हाच मला शंका आली होती. असेल तर सांग, मी रागावणार नाही. मुलगा जेवताना बोलतो की जेवून झाल्यावर, एवढं फक्त बघ.

नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. चित्र काढावं तसे काढलेत. नर्सनं माझ्या पाटीवर लिहिलं, पहिले दोन आकडे तारखेचे. मला दिसतंय ते तीन, चार आणि पाच. जुने डबे मी मागितले. तिनं लिहिलं, संपले, आता सगळे नवेच.

ताप आहे गं. काल दुपारपासून. अंग भाजतंय आणि पोटही बिघडलंय. खिडकीपाशी मास्तरांनाही आलाय. नर्सनं पाटीवर लिहून दाखवलं, "नळीवाल्यांना येतो कधी कधी." मी म्हटलं, येत असेल. चादरी मी घरी धुऊन आणल्या, कडक करून. धाकटीला मऊ चादर कधीच आवडली नाही. तिला काल मी कोटांची गोष्ट सांगितली तर तिनं डोळेच उघडले नाहीत. झोप आली असेल.

मला बोलत बसावंसं वाटतंय पण कागद संपला.

तुझी आजी

२३ फेब्रुवारी

आजी,

हे पत्र कारखान्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती देतेय. उद्या सकाळी ते तुझ्या दारात असतील. उभ्या उभ्या वाच आणि तशीच इस्पितळात जा. शिंपीणबाईंना फोन लावला, घर बंद आहे. वॉर्डात लावला, तिथल्या नर्स म्हणाल्या, नातेवाइकांच्या फोनवर आम्ही आहार बदलत नाही, कंपनीचं लेखी आणा.

मावशीआजीला ते डबे द्यायचे नाहीत. एकही नाही.

मी कुणाच्या प्रेमात पडलेली नाही. घाबरलेय. तुझी नीळ वाचली त्याच क्षणापासून. मी चाचणी पाण्यानं घेतली होती, आजी. पाणी नळीत घुसळत जातं, म्हणून सगळं बरोबरीनं पोचतं. आमचा माल तुमच्या खळीसारखा, न घुसळता सरकतो. हे मी पुस्तकात शिकलेय, परीक्षेत लिहिलंय, त्याला गुण मिळालेत. आणि सही करताना मला ते आठवलं नाही.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. आधी खात्री करू म्हटलं. साहेब चाचणीसाठी यंत्र थांबवू देईनात, रोज उद्यावर ढकलत होते. काल तुझी चिठ्ठी आली. तीन, चार, पाच, सगळे माझ्या नळीचे. मग मी आणि मिस्त्रींनी विचारलंच नाही. मालातच रंग सोडला आणि मिस्त्री मोठ्यानं मोजायला लागले. पहिला रंग सव्विसाव्या सेकंदाला आला. अगदी मधोमध, सुईसारखा. मिस्त्रींच्या जुन्या वहीत वेटोळ्याचा आकडा आहे, तोही मालाचाच. चौतीस.

साहेब म्हणाले, नमुने तपासलेत, सगळे चांगले आलेत. आजी, नमुना म्हणजे हजारात दोन डबे. म्हणाले, गाजावाजा करू नकोस, हळूच बदलू. मी कंपनीच्या कागदावर माझ्या सहीनं लिहिलंय, सोबत जोडलंय, ते डॉक्टरांना दे. तसंच पत्र मुख्य कचेरीत आणि माल गेलेल्या सगळ्या इस्पितळांत आज पाठवतेय. पुढे माझं काय व्हायचं ते होईल.

मावशीआजीनं मला भरवलं होतं.

भिंगरी

२४ फेब्रुवारी, वॉर्डातून

भिंगरे,

ड्रायव्हर बसलाय, त्याच्याच हाती देते. म्हणून भराभर.

मी पोचले तेव्हा नर्स सकाळचा डबा जोडत होती. मी म्हटलं, थांब. तिनं पाटीवर लिहिलं, "डॉक्टर आल्याशिवाय बंद करता येत नाही." मी म्हटलं, मग डॉक्टर येईपर्यंत मी करते. आणि नळी दुमडून मुठीत धरली, खळीची धरायचो तशी. ती काहीतरी ओरडली. बहिरेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. मी म्हटलं, "बाई, मला काही ऐकू येत नाही, लिहून दे, आणि लिहीपर्यंत त्या मास्तरांचीही काढ." मास्तरांनी स्वतःच दुमडली. शिकवलेलं पटकन कळतं त्यांना.

डॉक्टर तरुण आहेत. कोट पांढराशुभ्र. तुझं पत्र दोनदा वाचलं, चेहरा उतरला. सगळ्या वॉर्डातले पिवळ्या पट्ट्याचे डबे गोळा करून नेले. धाकटीचं आणि मास्तरांचं रक्त घेतलं, डबेही तपासायला पाठवले. चार दिवस लागतील. नवं औषध सुरू केलंय, सुईतून.

धाकटी डोळे उघडत नाही. मी तिचा हात धरून साठपर्यंत मोजते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. चाळिसाच्या पुढे पन्नास म्हणायला कुणी नाही. मी घाबरले की जास्त बोलते, हे तुला माहीत आहे. पहिल्या पत्रापासून मी घाबरलेलीच आहे गं.

आजी

२७ फेब्रुवारी

आजी,

नळी बंद झाली. मुख्य कचेरीतून माणसं आली आणि माल परत मागवायला लागली. दोन इस्पितळांत आणखी तिघांना ताप आहे. साहेबांनी मला घरी बसायला सांगितलंय. मिस्त्री भंगारात गेले आणि वेटोळं शोधून आणलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

हे पत्र पोचेल तोवर अहवाल आला असेल. डॉक्टर काय म्हणाले ते मला खरं सांग. तू चांगलं चांगलंच लिहितेस, म्हणून मला तुझ्या पत्राची भीती वाटते. चादरींचं आणि शिंपीणबाईंचं नको. आधी तेच लिही.

भिंगरी

२ मार्च

भिंगरे,

आधी तेच लिहिते.

तुझ्याच डब्यातलं होतं. डब्यात जे जंतू सापडले तेच धाकटीच्या रक्तात सापडले. मास्तरांच्याही. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं आणि मला वाचायला वेळ लागला, तर त्यांना वाटलं मला कळलं नाही. कळलं होतं. मी नुसती पाटी धरून बसले होते. म्हटलं, हे तुला सांगितलं नाही तर कोण सांगणार आहे? खोटं लिहायलाच शिकायचं असतं तर अंगठा काय वाईट होता.

आता दुसरं. ताप तीन दिवसांपूर्वी उतरायला लागला. मास्तरांचा आधी, धाकटीचा मग. काल तिनं डोळे उघडले. आज सकाळी डॉक्टरांनी तिच्या जिभेवर चमचाभर पाणी ठेवलं आणि ते गेलं गं! खाली गेलं! मी तिच्या गळ्यावर बोट ठेवून बसले होते, मला बोटाला कळलं. डॉक्टरांनी लिहिलं, "आणखी चार दिवस ते डबे चालू राहिले असते तर काही सांगता आलं नसतं." त्या दोन इस्पितळांतल्या तिघांचं मला माहीत नाही. तू विचारून घे आणि जे असेल ते मला सांग. त्यांची नावंही विचार. मीही जाईन भेटायला, चालवेल तेवढं जाईन.

सही तुझी होती. पण "सरळ करून टाक" असं सुट्टीत कोण म्हणालं होतं? मी. एकतीस वर्षं निळीकडे बघत उभी होते आणि तुला घाणीचं तेवढं सांगितलं, निळीचं विसरले. म्हणून तुझ्या वाटणीतलं थोडं मी घेतलंय, मागू नकोस, परत देणार नाही.

धाकटीला मी सगळं सांगितलं. लपवलं नाही. तिनं डाव्या हातानं पाटी मागितली. तिला लिहिता येत नाही, तुला माहीत आहे, ती कधी शिकायला बसलीच नाही. तिनं एक गोल काढला, त्यात दुसरा, त्यात तिसरा. आधी मला वाटलं, हात भरकटतोय. मग मोजले. सहा होते, पिंपावरच्या वेढ्यांइतकेच.

कारखान्यात तुला परत बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर मिस्त्रीला गाठ. या पत्रात एक पुडी ठेवलीय. कागद निळा झाला असेल तर घाबरू नकोस, वाटेत फुटली असेल. धुलाईघरातल्या आमच्या जुन्या डब्यातली शेवटची नीळ आहे ती. वेटोळं बसवलं की पहिल्यांदा तीच सोड. पाण्यात नको, मालात. तो माल नंतर ओतून टाक. दुसऱ्या टोकाला तू स्वतः उभी राहा आणि मोठ्यानं मोज.

मला ऐकू येणार नाही. तरी मोठ्यानं.

तुझी आजी